मुख आणि मूठ : शस्त्रक्रियेच्या उपकरणांची रचना आणि त्यांची भाषा

शरीर उघडून उपचार करण्याच्या विद्येला निरनिराळ्या भाषांनी दिलेली नावे शेजारी शेजारी ठेवली, की एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. ग्रीक भाषेतील ‘खेइरुर्गिया’ या शब्दाचा अर्थ ‘हाताने केलेले काम’ असा आहे. इंग्रजीतील ‘सर्जरी’ हा शब्द लॅटिन व जुन्या फ्रेंचमधून वळणे घेत त्यापासूनच आला. संस्कृतातील ‘शल्यतंत्र’ ही संज्ञा शरीरात रुतलेल्या बाणाग्रासारख्या वा काट्यासारख्या बाह्य वस्तूवरून पडली. अरबीतून उर्दूत आलेली ‘जर्राही’ जखमेवरून ओळखली जाते, तर तमिळमधील ‘अरुवै’ कापण्याच्या क्रियेवरून. मराठीच्या व्यवहारात रूढ झालेला ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द भर देतो तो शस्त्रावर. एकाच प्रसंगातील पाच घटक, म्हणजे हात, शल्य, जखम, छेद आणि शस्त्र, पाच भाषापरंपरांनी असे वाटून घेतले आहेत.

या पाचांपैकी दोन घटकांचा, हाताचा आणि शस्त्राचा, परस्परसंबंध हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. शस्त्रक्रियेचे उपकरण एका टोकाने रुग्णाच्या शरीराला भिडते आणि दुसऱ्या टोकाने शल्यचिकित्सकाच्या हाताला. पहिल्या टोकाला या लेखात ‘मुख’ आणि दुसऱ्याला ‘मूठ’ म्हटले आहे. उपकरणांच्या नामकरणाचा इतिहास हा जवळजवळ सर्वस्वी मुखाचा इतिहास आहे. मुठीकडे शास्त्राचे लक्ष वळले ते बरेच उशिरा, आणि तेही तिच्यामुळे हात दुखावू लागल्यावर. हा उशीर का झाला, तो भरून काढण्यासाठी रचनाकार आज काय करतात आणि मुठीच्या मापातून कोणाचा हात गृहीत धरला गेला, हे येथे क्रमाने पाहावयाचे आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण असे की, वस्तूची रचना आणि तिचे वर्णन यांतील मौन पुष्कळदा एकाच ठिकाणी आढळते.

१. नावे मुखाची

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात यंत्रांचे आणि आठव्या अध्यायात शस्त्रांचे विवेचन आहे. यंत्रे १०१ आणि शस्त्रे २० अशी गणना तेथे केलेली आहे. यंत्रांची विभागणी सहा वर्गांत होते : स्वस्तिकयंत्रे २४, संदंशयंत्रे २, तालयंत्रे २, नाडीयंत्रे २०, शलाकायंत्रे २८ आणि उपयंत्रे २५. यांपैकी स्वस्तिकयंत्रे म्हणजे दोन पाती एका खिळ्याने आडवी जोडलेले, आजच्या सांडशीच्या घाटाचे चिमटे होत. त्यांची नावे सिंह, वाघ, लांडगा, अस्वल, कावळा, कंक अशा पशुपक्ष्यांच्या मुखांवरून दिलेली आहेत. बगळ्याच्या जातीतील लांब चोचीच्या कंक पक्ष्यावरून नाव मिळालेले कंकमुख यंत्र सर्वांत श्रेष्ठ ठरविले आहे. ते सहज आत शिरते, वस्तू पकडून सहज बाहेर येते, हे त्याचे कारण. शस्त्रांची नावेही याच वळणाची आहेत. उत्पलपत्र, कुशपत्र आणि वेतसपत्र ही पानांच्या आकारावरून आलेली नावे असून व्रीहिमुख हे भाताच्या दाण्याच्या टोकावरून आले आहे.

या ग्रंथपरंपरेत उपकरणांची चित्रे नाहीत. म्हणून उपमेलाच आराखड्याचे काम करावे लागले. ज्याने कावळ्याची चोच पाहिली आहे, त्याला चिमट्याच्या टोकाची वक्रता शब्दांत सांगण्याची गरज उरत नाही. कोर्दोबा येथील अल्-जहरावी याने सुमारे इ. स. १००० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘किताब अल्-तस्रीफ’ या ग्रंथाच्या तिसाव्या प्रकरणात हेच काम चित्रे करतात. तेथे सुमारे २०० उपकरणांच्या आकृत्या आहेत. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने हे प्रकरण लॅटिनमध्ये आणले, तेव्हा त्या आकृत्याही युरोपात पोहोचल्या. एका परंपरेत उपमा आणि दुसरीत आकृती असा हा भेद आहे. तरी दोहोंचा रोख उपकरणाच्या कार्यकारी टोकाकडेच प्रामुख्याने आहे.

आधुनिक शस्त्रक्रियागृहातही प्राण्यांची नावे टिकून आहेत. बारीक रक्तवाहिनी दाबणारा चिमटा ‘मॉस्किटो’, लांब जबड्याचा ‘अ‍ॅलिगेटर’, रक्तवाहिनीवर घट्ट बसणारा छोटा चाप ‘बुलडॉग’. त्यांच्या जोडीला एकोणिसाव्या शतकापासून व्यक्तिनामांचा थर चढला. केली, कोखर, अ‍ॅलिस, बॅबकॉक, डिबेकी ही शल्यचिकित्सकांची आडनावे आता सामान्यनामे झाली आहेत. परिचारिकेकडे हात पुढे करून ‘अ‍ॅलिस द्या’ म्हणणाऱ्याला अ‍ॅलिस कोण होता हे ठाऊक असण्याची आवश्यकता नसते. विसाव्या शतकात तिसरा थर आला, तो क्रमांकांचा. सुरीची पाती दहा, अकरा, पंधरा अशी ओळखली जाऊ लागली. उपमेकडून कर्त्याकडे आणि कर्त्याकडून क्रमांकाकडे असा हा प्रवास आहे. परंतु तिन्ही अवस्थांत नाव सांगते ते हेच, की उपकरण शरीराशी काय करते किंवा ते कोणी योजले. ते हातात कसे बसते, हे सांगणारे नाव क्वचितच आढळते.

२. सुग्रह

नावांत नसलेली मूठ सुश्रुतसंहितेच्या विवेचनात मात्र आहे, आणि ही गोष्ट पुरेशी अधोरेखित झालेली नाही. उत्तम शस्त्राचे गुण सांगताना जी यादी दिली आहे, तिच्यात पहिले स्थान ‘सुग्रह’ या गुणाला आहे. सुग्रह म्हणजे धरण्यास सोयीचे. उत्तम लोखंड, चांगली धार, सुरेख रूप आणि नीट जुळलेले टोक हे गुण त्यानंतर येतात. दोषांच्या यादीत वाकडेपणा, बोथटपणा यांबरोबर अतिस्थूल, अतिदीर्घ आणि अतिऱ्हस्व हे दोष सांगितले आहेत. यंत्रांच्या बारा दोषांतही अतिस्थूल, अतिदीर्घ आणि अतिऱ्हस्व यांची गणना आहे. ‘अति’ हा उपसर्ग सापेक्ष आहे. कशाच्या तुलनेत अधिक, असा प्रश्न तो उपस्थित करतो. आणि त्याचे एक उत्तर शरीरातील जागेच्या तुलनेत, तर दुसरे धरणाऱ्या हाताच्या तुलनेत असे संभवते.

यापुढे जाऊन प्रत्येक शस्त्र कसे धरावे याच्या सूचना आहेत. वृद्धिपत्र देठ आणि पाते यांच्या सांध्याशी धरावे. व्रीहिमुखाचे मागचे टोक तळहातात लपवून ते अंगठा व तर्जनी यांनी पकडावे. कुठारिका डाव्या हाताने जागेवर टेकवून उजव्या हाताच्या मधल्या बोटाने, ते अंगठ्याला अडवून सोडल्यावर बसणाऱ्या टिचकीने, तिच्यावर आघात करावा. हे वर्णन वाचताना शस्त्राइतकाच हातही डोळ्यांपुढे उभा राहतो. सर्व यंत्रांत हात हेच प्रधान यंत्र होय, असे या संहितेत सांगितलेले आहे. त्याच्या अधीन राहूनच इतर यंत्रे चालतात, हे त्यामागील कारण.

नवे यंत्र घडविताना आधार कशाचा घ्यावा, याचाही विचार तेथे आहे. पशुपक्ष्यांच्या मुखाशी साम्य, शास्त्रवचन, जाणत्यांचा उपदेश, पूर्वी घडलेली यंत्रे पाहणे आणि स्वतःची युक्ती, अशी साधने सांगितली आहेत. शस्त्रे आपल्या कामात निष्णात असलेल्या लोहाराकडून करवून घ्यावीत, असेही सांगितले आहे. निसर्गनिरीक्षण, ग्रंथाधार, अनुभवी व्यक्तीचा सल्ला, प्रचलित नमुन्यांचा अभ्यास आणि नवकल्पना या पाच पायऱ्या आजच्या रचनाशाळेतील विद्यार्थ्यालाही अपरिचित वाटणार नाहीत.

एक बाब मापाची. स्वस्तिकयंत्राची लांबी १८ अंगुले सांगितली आहे. अंगुल हे माप बोटातून आले आहे. रोग्याच्या अवयवांचे प्रमाण त्याच्याच अंगुलांनी मोजावे, असा संकेत आयुर्वेदात आहे. मिलिमीटर या मापाला असा देह नाही. मापाचे प्रमाणीकरण झाल्याने उपकरणांची अचूकता वाढली यात शंका नाही. परंतु ज्याच्या हातात उपकरण जावयाचे, त्याचा हात मापनातून बाहेर पडला, हेही तितकेच खरे.

गिरींद्रनाथ मुखोपाध्याय यांचा हिंदूंच्या शस्त्रोपकरणांवरील इंग्रजी ग्रंथ कलकत्ता विद्यापीठाने १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध केला. संहितांतील वर्णनांवरून त्यांनी उपकरणांच्या आकृत्या सिद्ध केल्या आणि त्यांची तुलना ग्रीक, रोमन, अरबी व आधुनिक युरोपीय उपकरणांशी केली. शब्दांतून वस्तू पुन्हा उभी करण्याचा हा प्रयत्न एका अर्थाने अनुवादच आहे. अशा अनुवादाची मर्यादाही येथे दिसते. उपमा मुखाची असल्याने मुखाची आकृती रेखाटण्यास आधार मिळतो. मूठ चित्रकाराला परिचित असलेल्या उपकरणांच्या वळणावर जाण्याचा संभव अधिक असतो.

३. मुठीचा अनुवाद

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सुऱ्या, करवती व शलाका यांच्या मुठी शिसवी लाकडाच्या, शिंगाच्या किंवा हस्तिदंताच्या असत. त्यांवर पकडीसाठी जाळीदार नक्षी कोरलेली असे. ही उपकरणे बनविणारे कारागीर मूळचे सुऱ्या-कात्र्यांचे कारागीर होते, आणि मूठ हा त्यांच्या कसबाचा भाग होता. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धतीविषयीचे निबंध प्रसिद्ध केले. पुढे १८८० च्या दशकापासून वाफेने निर्जंतुकीकरण करण्याची पद्धत रुळू लागली. लाकूड वाफेत तडकते, हस्तिदंत पिवळा पडून भेगाळतो आणि नक्षीच्या खाचांत रक्त साचते. म्हणून संपूर्ण धातूची, गुळगुळीत, एकसंध उपकरणे आली. रुग्णांचे प्राण वाचविणारा हा बदल अपरिहार्य होता. त्याची किंमत म्हणून मूठ सपाट आणि निसरडी झाली.

१९१५ साली मॉर्गन पार्कर यांनी बदलता येणाऱ्या पात्याच्या सुरीचे एकस्व अमेरिकेत मिळविले. बार्ड-पार्कर या नावाने ती जगभर पसरली. पाते दर वेळी नवे, मूठ मात्र तीच, अशी या रचनेची मांडणी आहे. पात्यांचे आकार पुढे वाढत गेले. मुठीचे प्रकार मोजकेच राहिले. अशी सुरी दोन रीतींनी धरली जाते, आणि त्या रीतींना दिलेली नावे उपमांचीच आहेत : एक लेखणीसारखी पकड आणि दुसरी व्हायोलिनच्या गजासारखी. मुठीसंबंधी भाषेने केलेली ही दुर्मीळ नोंद आहे. तीही मुठीची नसून हाताच्या स्थितीची आहे.

उपकरणांच्या प्रसाराचा मार्गही पाहण्यासारखा आहे. जर्मनीतील टुटलिंगेन येथे गॉटफ्रिड येटर यांनी १८६७ मध्ये सुरू केलेल्या कार्यशाळेतून पुढे एस्क्युलॅप ही प्रख्यात कंपनी उभी राहिली. पंजाबातील सियालकोट येथे, आजच्या पाकिस्तानात, मिशन रुग्णालयातील उपकरणांची दुरुस्ती करता करता स्थानिक लोहारांनी तशीच उपकरणे घडविण्याचे कसब मिळविले. आज जगात हाती वापरल्या जाणाऱ्या शस्त्रोपकरणांचा मोठा वाटा तेथे तयार होतो. नमुन्याबरहुकूम घडविणे हे अशा कारागिरीचे मर्म असते. नमुना हुबेहूब उतरला की काम उत्तम झाले. पण हुबेहूब उतरताना मुठीच्या कड्यांचा व्यास आणि दोन कड्यांमधील अंतरही उतरते. म्हणजे मूळ नमुना ज्या हातासाठी घडला, तो हातही सोबत येतो. शब्दशः अनुवादात मूळ भाषेतील वाचक जसा गृहीत धरलेला राहतो, तसाच हा प्रकार आहे.

४. हाताचे शास्त्र

‘एर्गोनॉमिक्स’ हा शब्द ‘एर्गॉन’ (काम) आणि ‘नोमॉस’ (नियम) या ग्रीक शब्दांपासून पोलिश विद्वान वोयचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी १८५७ मध्ये बनविला. तो विस्मृतीत गेला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या चुकांचे मूळ अनेकदा विमानातील कळा-दांड्यांच्या मांडणीत सापडते, हे लक्षात आल्यावर, १९४९ साली ब्रिटनमध्ये मरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शब्दाला शास्त्राचे नाव म्हणून प्रतिष्ठा दिली. काम करणाऱ्याला कामाच्या साच्यात बसविण्याऐवजी काम व साधने माणसाच्या शरीराला अनुरूप करावीत, हे या शास्त्राचे मूलतत्त्व होय.

हाताच्या बाबतीत या शास्त्राला पायाभूत ठरलेला निबंध जॉन नेपियर यांनी १९५६ मध्ये लिहिला. मानवी पकडीचे त्यांनी दोन मुख्य प्रकार मानले : बळाची पकड आणि अचूकतेची पकड. बळाच्या पकडीत वस्तू बोटे व तळहात यांच्यामध्ये आवळली जाते. अचूकतेच्या पकडीत ती बोटांची अग्रे आणि अंगठा यांच्यामध्ये तोलली जाते. बरणीचे घट्ट झाकण उघडताना आरंभी पहिली पकड असते आणि झाकण सैल होताच हात नकळत दुसऱ्या पकडीवर येतो. पकड वस्तूच्या आकारापेक्षा हेतूवरून ठरते, हा नेपियर यांचा मुद्दा होता. शस्त्रोपकरणाची अडचण अशी, की एकाच उपकरणाकडून पुष्कळदा दोन्ही हेतू साधावयाचे असतात. ऊतक घट्ट धरावयाचे, पण फाटू द्यावयाचे नाही.

मनगटाचा संबंधही ध्यानात घ्यावा लागतो. बोटे वळविणारे स्नायू हाताच्या पंज्यात नसून मुख्यतः कोपरापुढील भागात आहेत; त्यांच्या कंडरा मनगटातून पुढे येतात. मनगट किंचित मागे झुकलेले असता पकडीला सर्वाधिक जोर येतो. ते तळहाताकडे पूर्ण वाकविले, तर मूठ नीट आवळतच नाही. वाचकाने हा प्रयोग स्वतःच्या हातावर करून पाहावा. तेव्हा ज्या मुठीमुळे मनगट वाकवावे लागते, ती मूठ हाताचे अर्धे बळ आधीच हिरावून घेते.

डावखुऱ्या व्यक्तीची अडचण याच शास्त्राने नेमकी सांगितली. उजव्या हातात कात्री मिटताना अंगठा आपले कडे बाहेर ढकलतो आणि बोटे आपले कडे आत ओढतात. या तिरप्या बळाने दोन्ही पाती एकमेकांवर दाबली जातात. तीच कात्री डाव्या हातात घेतली, की तेच बळ पाती विलग करते आणि ऊतक कापले जाण्याऐवजी दुमडते. चिमट्याच्या मुठीवरील दातेरी अडकणही उजव्या अंगठ्याच्या ढकलण्याने सुटेल, अशीच बसविलेली असते. ‘डावा’ या शब्दाला आपल्या भाषांत जी हीनतेची छटा चिकटली आहे, तिचे धातूतील रूप येथे पाहावयास मिळते.

५. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया

उघड्या शस्त्रक्रियेत मुठीचे दोष हात सांभाळून घेत असे. पोटाला मोठा छेद घेतलेला असे, उपकरण हव्या त्या कोनातून नेता येई आणि वेळप्रसंगी बोटेच उपकरण होत. ही सवलत दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेने काढून घेतली. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये या पद्धतीने पित्ताशय काढले. १९८७ मध्ये फ्रान्समधील लियों येथे फिलिप मुरे यांनी व्हिडिओच्या साहाय्याने तीच शस्त्रक्रिया केली. भारतात तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईत तिचा प्रारंभ केला. मराठीत रूढ झालेल्या ‘दुर्बिणीतून शस्त्रक्रिया’ या प्रयोगात एक मौज आहे. ‘दुर्बीण’ हा फार्सी शब्द दूरचे पाहण्याचे साधन सुचवितो, आणि येथे ती शरीराच्या आत जाते. तरी शब्द अगदीच अनाठायी नाही. कारण या पद्धतीत शल्यचिकित्सकाचा हात रुग्णापासून खरोखरच दूर गेला आहे.

येथील उपकरण सुमारे ५ मिलिमीटर जाडीची व ३० सेंटिमीटरहून अधिक लांबीची नळी असते. तिच्या एका टोकाला जबडा आणि दुसऱ्याला मूठ. पोटाच्या भिंतीतील छिद्र हा तिचा टेकू. टेकूवरील तरफेप्रमाणे हात उजवीकडे गेला की टोक डावीकडे जाते; हात वर गेला की टोक खाली. नळीचा किती भाग आत आहे त्यावर हालचालीचे प्रमाणही बदलते. जबड्याची उघडझाप सोडली, तर उपकरणाला चारच प्रकारच्या हालचाली शक्य होतात. मुठीत दिलेले बळ लांब दांडीतून, घर्षणात खर्ची पडत, जबड्यापर्यंत पोहोचते. म्हणून एवढ्याच कामासाठी हाताला अधिक जोर लावावा लागतो. आणि ऊतकाचा मऊ-कठीणपणा बोटांना पूर्वीसारखा कळत नाही.

या उपकरणाची प्रचलित मूठ कात्रीच्या कड्यांची होती. कात्रीची कडी थोडा वेळ उघडझाप करण्यासाठी योजलेली. येथे तीच कडी तासन् तास, अंगठा आत अडकवून, जोर लावीत धरावी लागली. अंगठ्याच्या कडेने जाणाऱ्या मज्जातंतूवर कड्याची धातूची कड दाबली गेल्याने अंगठा बधिर होण्याचे प्रकार १९९० च्या दशकाच्या आरंभी वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदले गेले. त्या विकाराला ‘दुर्बीण-शल्यचिकित्सकाचा अंगठा’ अशा आशयाचे इंग्रजी नावही मिळाले. मुठीला नाव मिळण्यापूर्वी तिने केलेल्या इजेला नाव मिळाले, ही गोष्ट प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने बोलकी आहे.

२००४ साली बर्गर आणि ह्रेलियाक यांनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणाऱ्या ७२६ शल्यचिकित्सकांची पाहणी प्रसिद्ध केली. हातमोज्याचा क्रमांक साडेसहा किंवा त्याहून लहान असणाऱ्यांना उपकरणे वापरताना अधिक अडचण येते, असे तीत दिसून आले. या गटात स्त्रियांचे प्रमाण अधिक असणे स्वाभाविक आहे. २०१० साली पार्क आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतील ३१७ शल्यचिकित्सकांची माहिती मांडली. त्यांपैकी सुमारे ८७ टक्के जणांनी मान, खांदा, पाठ, हात यांपैकी कशाची ना कशाची तक्रार सांगितली होती. रुग्णांना लाभ होत असताना शल्यचिकित्सक सोसत आहेत, हा आशय त्या निबंधाच्या शीर्षकातच होता. लहान छेदाचा लाभ रुग्णाला झाला. त्या छेदाने वाचविलेल्या वेदनेचा काही अंश छेद घेणाऱ्याच्या देहाकडे सरकला.

६. मूठ कशी घडते

हाताला अनुरूप मूठ घडविण्याची प्रक्रिया निरीक्षणापासून सुरू होते. रचनाकार शस्त्रक्रियागृहात उभा राहून उपकरण किती वेळ धरले जाते, पकड किती वेळा बदलते, मनगट कोणत्या कोनात राहते, दुसऱ्या हाताची मदत केव्हा घ्यावी लागते हे नोंदवितो. स्नायूंच्या विद्युत्क्रियेचे मापन करून कोणता स्नायू कधी थकतो हेही पाहिले जाते. शल्यचिकित्सकाला नुसते विचारून भागत नाही, कारण सवयीने अंगवळणी पडलेला त्रास त्याला त्रास म्हणून सांगता येतोच असे नाही.

दुसरी पायरी मापांची. तळहाताची रुंदी, बोटांची लांबी, अंगठा व तर्जनी यांमधील ताण ही मापे लोकसमूहात फार वेगवेगळी असतात. ‘सरासरी हात’ ही कल्पना येथे फसवी ठरते. सरासरीसाठी केलेली मूठ दोन्ही टोकांच्या हातांना गैरसोयीची होते. म्हणून सामान्यतः शंभरांत पाचव्या क्रमांकाच्या लहान हातापासून पंचाण्णवाव्या क्रमांकाच्या मोठ्या हातापर्यंतचा पल्ला समोर ठेवला जातो. हा पल्ला कोणत्या समाजाचा, हा प्रश्न निर्णायक असतो. भारतीयांच्या शरीरमापांचा देवकुमार चक्रवर्ती यांनी सिद्ध केलेला संग्रह अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याकडील रचनाकारांना स्वदेशीय मापांचा आधार त्यामुळे मिळाला.

तिसऱ्या पायरीवर माती, फोम किंवा त्रिमितीय मुद्रणाने नमुने करून ते निरनिराळ्या हातांत दिले जातात. येथे हिताहितांची ओढाताण सुरू होते. मऊ आवरणाने अंगठ्यावरचा दाब कमी होतो. पण १२१ किंवा १३४ अंश सेल्सियस तापमानाची वाफ त्या आवरणाने वारंवार सोसली पाहिजे. बोटांसाठी खोबण्या केल्या, की एका मापाच्या हाताला त्या सुखावतात आणि दुसऱ्याला टोचतात; शिवाय खोबणीत मळ साचतो. कडे काढून टाकून तळहातात सामावणारी मूठ केली, तर बळ चांगले मिळते, मात्र सूक्ष्म हालचालींवरील ताबा कमी होण्याचा धोका राहतो. अनेक माप-प्रकार केले, तर रुग्णालयाचा खर्च आणि साठवण वाढते. चांगली मूठ ही या सर्वांतील तडजोड असते.

तडजोड साधलेली उदाहरणेही आहेत. सूक्ष्मशस्त्रक्रियेतील चिमटे व सुई धरण्याची साधने गोल दांड्याची असतात. त्यामुळे पूर्ण हात न वळविता दोन बोटांमध्ये दांडी फिरवून सुई ऊतकातून वळणाने नेता येते. उपकरणाइतकेच महत्त्व त्याच्या परिसराला आहे, हेही संशोधनातून स्पष्ट झाले. २००२ च्या सुमारास नेदरलंड्समधील फान फेलेन आणि सहकाऱ्यांनी दाखविले, की दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत शस्त्रक्रियेच्या पृष्ठाची उंची शल्यचिकित्सकाच्या कोपराच्या उंचीच्या ७० ते ८० टक्के असावी. लांब उपकरणांमुळे हात वर उचलले जातात, म्हणून टेबल पूर्वीपेक्षा बरेच खाली हवे. ते तेवढे खाली जात नसेल, तर कमी उंचीच्या व्यक्तीला पायाखाली पाट घेऊन, तोल सांभाळीत उभे राहावे लागते.

२००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘दा विंची’ या यंत्रमानवी प्रणालीने मूठ आणि मुख यांना जोडणारी दांडीच तोडली. शल्यचिकित्सक बसून दोन बोटांनी नियंत्रक हलवितो. यंत्र त्या हालचाली सूक्ष्म करून, थरथर गाळून, मनगटासारख्या वळणाऱ्या टोकापर्यंत पोहोचविते. टेकूमुळे होणारी उलटापालट नाहीशी होते. तरीही वाकून पाहण्यामुळे मानेच्या तक्रारी उरतात, आणि यंत्राची किंमत ध्यानात घेता आपल्याकडील बहुसंख्य रुग्णालयांत हाती धरावयाचे उपकरण दीर्घकाळ राहणार, हे उघड आहे. म्हणून मुठीचा प्रश्न यंत्रमानवाच्या आगमनाने निकालात निघालेला नाही.

७. समारोप

मराठीत ‘हात बसणे’ आणि ‘हाताला बसणे’ असे दोन प्रयोग आहेत. एखाद्या कामात हात बसतो तो सरावाने. येथे हात बदलतो आणि काम तसेच राहते. एखादी वस्तू हाताला बसते तेव्हा वस्तूचे माप हाताला जुळलेले असते. शस्त्रक्रियेच्या शिक्षणात शतकभर पहिल्या प्रयोगाचेच राज्य होते. सुश्रुतसंहितेत भोपळा, काकडी यांवर छेदाचा सराव करण्यास सांगितले आहे. आजही प्रतिकृतींवर तसाच सराव होतो, आणि तो आवश्यकच आहे. परंतु सहा क्रमांकाचा हातमोजा वापरणाऱ्या शिकाऊ शल्यचिकित्सकेचा अंगठा कड्यातून पुढे पोहोचत नसताना ‘हळूहळू हात बसेल’ असे तिला सांगितले जाते, तेव्हा उपकरणाचा दोष हाताच्या नावावर मांडला जातो. ही कला आपल्याला जमणारी नाही, असा तिचा समज होण्यास तेवढे पुरते. कोणी शल्यचिकित्सक व्हावे आणि कोणी होऊ नये, याचा एक निर्णय अशा रीतीने कड्याच्या व्यासात दडलेला असतो. अधू झालेल्या मनगटामुळे अनुभवी हात वेळेपूर्वी थांबतात, ही हानी त्याखेरीज. ती शेवटी रुग्णांच्याच वाट्याला येते.

या विषयाचा पुढील अभ्यास वैद्यक आणि अभियांत्रिकी यांच्यापुरता मर्यादित राहू नये. संस्कृत, अरबी, लॅटिन, फार्सी आणि अर्वाचीन भारतीय भाषांतील शल्यग्रंथांची तुलना आजवर बहुधा उपकरणांच्या मुखांवरून, म्हणजे कोणत्या परंपरेत कोणते उपकरण होते या प्रश्नावरून झाली. त्याच ग्रंथांत हात कसा वर्णिला आहे, धरण्याच्या रीतींसाठी कोणती क्रियापदे योजली आहेत आणि अनुवादात त्यांचे काय झाले, हे पाहणे अद्याप बाकी आहे. अनुवादात उपकरणाचे नाव पोहोचते, कारण ते नाम असते. ते धरण्याची रीत क्रियापदांत आणि क्रियाविशेषणांत असते, आणि तीच वाटेत गळण्याचा संभव अधिक. मुठीची रचना करणाऱ्यालाही अशा अभ्यासाचा उपयोग होईल. ‘सुग्रह’ हा एकच शब्द ज्या यादीत पहिला ठेवला गेला, त्या यादीच्या कर्त्याने उपकरणाकडे धरणाऱ्याच्या बाजूनेही पाहिले होते, एवढे निश्चित म्हणता येते.